परवाना मिळाल्यानंतरची पाच वर्षं

मीरा-भाईंदरच्या माणसाला बंदुकीचा परवाना हवा असेल तर काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याला ठाण्याला, जिल्हाधिकारी कचेरीत खेटे घालावे लागत. 1 ऑक्टोबर 2020 रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, सदानंद दाते पहिले आयुक्त म्हणून आले आणि परवान्याची फाइल मीरा रोडला आली. त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतच म्हटलं आहे की जिथे पोलीस आयुक्त नेमलेला आहे तिथे जिल्हादंडाधिकारी म्हणजे पोलीस आयुक्तच समजायचा. वाचायला ही कारकुनी तरतूद वाटते, पण तिने एक गोष्ट बदलली. पूर्वी पोलिसांनी अहवाल द्यायचा आणि महसूल खात्याच्या अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा. आता जबाब घेणारा हवालदार आणि शेवटची सही करणारे साहेब एकाच खात्याचे. यामुळे माहिती लवकर जुळते हे खरं, पण वेगळ्या खात्याच्या नजरेने फाइल एकदा तपासली जायची ती सोय गेली.

या शहरात परवाना मागावासा का वाटतो, हे कळायला शहराची वाढ पाहावी लागते. 1985 मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका आली आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. मिठागरं, भातशेती आणि खाजणं यांच्या जागी टॉवर उभे राहिले. जमिनीचा सातबारा, कुळाचा दावा, पुनर्विकासाचा करार आणि त्यातून उठणारे तंटे हा इथल्या पैशाचा मुख्य ओघ. त्यामुळे बिल्डर, जमिनीचे दलाल, सराफ, बारमालक आणि नगरसेवकपदाचे इच्छुक हे ठरलेले अर्जदार. भीती अगदीच खोटी आहे असंही नाही. जानेवारी 2021 मध्ये मीरा रोडच्या शांतीनगर भागात भरदिवसा पिस्तुलाच्या धाकाने सराफी दुकान लुटलं गेलं. फेब्रुवारी 2022 मध्ये विरारला एका बांधकाम व्यावसायिकाला रस्त्यात गोळ्या घातल्या. जानेवारी 2025 मध्ये मीरा रोडच्या शांती शॉपिंग सेंटरमध्ये एकाचा अगदी जवळून गोळी झाडून खून झाला. अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतोच, आता आपण पण एक परवाना काढून ठेवायला पाहिजे.

काढायचा म्हणजे काय करायचं? 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे ‘ए-1’ नमुन्यातला अर्ज भरायचा. वय किमान 21. ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे, फोटो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शरीर आणि मन ठीक असल्याचं व अमली पदार्थांचं व्यसन नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. अर्जातले रकाने वाचण्यासारखे आहेत. पूर्वी शिक्षा झाली आहे का, शांतता राखण्याचा बाँड लिहून द्यावा लागला होता का, आधी कधी अर्ज नाकारला गेला का, घरात आणखी कुणाकडे परवाना आहे का, शस्त्र ठेवायला सुरक्षित जागा आहे का आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते हवंय कशाला.

मग फाइल पोलीस ठाण्यात जाते. समजा अर्जदार काशीमिऱ्याचा आहे. ठाण्यातला हवालदार त्याला बोलावतो, जबाब लिहून घेतो. ‘मी वरील ठिकाणी सहकुटुंब राहण्यास असून’ हे ठरलेलं पहिलं वाक्य. पुढे धंदा, उत्पन्न, रोख रक्कम घेऊन कुठून कुठे जावं लागतं, कुणी धमकी दिली, दिली तर तक्रार केली का, केली तर तिचा नंबर काय. सोसायटीच्या सेक्रेटरीला, शेजाऱ्याला विचारलं जातं. शेजाऱ्याने काय सांगावं? ‘माणूस चांगला आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नाही.’ ज्याच्या हातात उद्या पिस्तूल येणार आहे त्याच्याबद्दल शेजारी दुसरं काय बोलणार? गुन्हे नोंदींची तपासणी होते, वरिष्ठ निरीक्षकांचा शेरा पडतो, कागद सहायक आयुक्त आणि उपायुक्तांच्या टेबलांवरून आयुक्तांपर्यंत जातो. नियमाप्रमाणे पोलीस अहवाल 30 दिवसांत आणि त्यानंतर निर्णय 60 दिवसांत. अहवाल मुदतीत आलाच नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभाही कायद्यात आहे. ती वापरायची हिंमत सहसा कुणी करत नाही आणि त्यात गैर काही वाटत नाही.

नकार द्यायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात, मागितली तर अर्जदारालाही द्यावी लागतात. सार्वजनिक हिताला बाध येत असेल तेवढाच अपवाद. केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही, असंही 14 व्या कलमात स्पष्ट आहे. या ओळीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. नियमांत मात्र ‘खरी गरज’ दाखवायला सांगितलं आहे. धंद्याच्या स्वरूपामुळे जीव किंवा मालमत्ता वाचवायची गरज असणारे, सैन्यात, केंद्रीय दलांत वा पोलिसात असलेले किंवा निवृत्त झालेले, आणि किमान दोन वर्षं रायफल क्लबचे सक्रिय सदस्य असलेले नेमबाज हे त्यातले मुख्य गट. खेळाडूंची वाट वेगळी आणि तुलनेने सरळ आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तो .22 रायफलचा खेळ आहे आणि .22 ला परवाना लागतो. ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर रायफलला लागत नाही.

घोळ आहे तो ‘खरी गरज’ या शब्दांत. धमकीचा फोन आला, तक्रार झाली, तर गरज कागदावर उतरते. पण ज्याला धमकीचा फोनसुद्धा न येता मार बसतो, त्याची गरज कशी मोजायची? रात्री दुकान बंद करून गल्ला पिशवीत घालून रिक्षाने जाणारा किराणावाला परवाना मागायला जात नाही आणि गेला तर त्याला पहिला सल्ला मिळतो, ‘कॅमेरे लावा.’ मोठी आर्थिक उलाढाल, चार्टर्ड अकाउंटंटची फाइल, एखाद्या आमदाराचं पत्र जोडलेला अर्ज वजनदार दिसतो. कायदा मालमत्ता पाहू नको म्हणतो आणि व्यवहारात मालमत्ताच गरजेचा पुरावा होऊन बसते.

परवाना हा हक्क की सवलत, हा वाद जुना आहे. 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला, त्यातून युरोपियनांना सूट होती. नेटिवांना निःशस्त्र करणारा हा कायदा राष्ट्रीय चळवळीला कायम डाचत राहिला. 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला होता. संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना आणली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि सूचना फेटाळली गेली. त्यामुळे आज आपल्याकडे शस्त्र हा संविधानाने दिलेला हक्क नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा अमेरिकेसारखा हक्क आपल्याकडे नाही याची आठवण करून दिली. अमेरिकेत नेमकं उलट घडलं. न्यूयॉर्कमध्ये 1911 पासूनच्या कायद्याप्रमाणे पिस्तूल बाळगून फिरायचं तर ‘सबळ कारण’ दाखवावं लागे, म्हणजे आपल्याच ‘खऱ्या गरजे’चा भाऊ. जून 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. तिथे नागरी हातांत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत.

आपल्याकडचे आकडे वेगळंच काही सांगतात. 2016 अखेर देशात 33 लाखांहून अधिक परवाने होते. त्यात एकट्या उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाख, महाराष्ट्रात 84 हजार. म्हणजे महाराष्ट्र परवान्यांच्या बाबतीत हात आखडता घेणारं राज्य आहे. पण तो आखडता हात सगळीकडे सारखा नाही. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि बीड जिल्ह्यात 1,200 हून अधिक शस्त्र परवाने असल्याचं बाहेर आलं. शेजारच्या परभणीत ही संख्या काही डझनांत होती. बीडच्या माणसाचा जीव परभणीकरापेक्षा कितीतरी पटींनी धोक्यात होता असं कुणी म्हणणार नाही. तिथे कंबरेचं पिस्तूल मिरवायची, लग्नात आणि फेसबुकवर दाखवायची वस्तू झाली होती. नंतर प्रशासनाने टप्प्याटप्प्याने परवाने रद्द केले. पण त्या प्रत्येक फाइलवर आधी कुणीतरी ‘शिफारस करण्यात येते’ असं लिहिलेलं होतंच.

आयुक्तांनी नाकारलं तर अपील राज्य सरकारकडे. इथे ऑक्टोबर 2025 मधलं पुण्याचं प्रकरण आठवणं भाग आहे. गुंड नीलेश घायवळच्या भावाचा अर्ज पुणे पोलिसांनी नाकारला होता. अपिलात गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी परवाना देण्याचा आदेश दिल्याचं समोर आलं आणि गदारोळ झाला. मंत्र्यांचं म्हणणं होतं की अर्जदार न्यायालयातून निर्दोष सुटलेला आहे, त्याच्यावर गुन्हा प्रलंबित नाही. मुख्यमंत्री फडणवीस यांनी परवाना प्रत्यक्षात दिलाच गेला नाही असं स्पष्ट केलं. कायद्याच्या अंगाने मंत्र्यांचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. निर्दोष सुटलेल्याला गुन्हेगार कसं म्हणणार? पण परवाना म्हणजे चारित्र्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. सुटका झाली म्हणून माणसाच्या भोवतीची माणसं बदलत नाहीत, आणि ती माणसं कोण आहेत हे ठाण्याच्या हवालदाराला मंत्रालयापेक्षा जास्त कळतं.

इतका वेळ आपण दारातच उभे आहोत. या विषयावरची चर्चा बहुतेक दारातच संपते: कुणाला मिळाला, कुणी दिला, कुणी अडवला. माझ्या मते खरा प्रश्न आत आहे. परवाना मिळाला की पाच वर्षं (2019 च्या दुरुस्तीपूर्वी तीन) त्या माणसाकडे आणि त्या शस्त्राकडे सहसा कुणी पाहत नाही.

एप्रिल 2006 मध्ये प्रवीण महाजन यांनी भाऊ प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या परवान्याच्या पिस्तुलातून. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार झाला आणि भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. वाद जमिनीचा, शस्त्र परवान्याचं. त्यानंतर आठवडाभरातच, मीरा-भाईंदरच्या वेशीला लागून असलेल्या दहिसर-बोरिवली पट्ट्यात, मॉरिस नोरोन्हाने फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला संपवलं. पिस्तूल त्याचं नव्हतं. ते त्याच्या अंगरक्षकाच्या, उत्तर प्रदेशातून काढलेल्या परवान्यावरचं होतं, असं तपासात पुढे आलं. या तिन्ही घटनांत परवाना देताना काय चुकलं असं विचारलं तर कदाचित उत्तर मिळणार नाही. कागद सगळे ठीक असतील. भावाशी बिनसलेलं, जमिनीवरून डोकं तापलेलं, मालकाने मागितलं म्हणून हत्यार हाताला लागेल असं ठेवलेलं, हे सगळं नंतरचं आहे.

अंगरक्षक आणि सुरक्षारक्षकांचा मुद्दा मीरा-भाईंदरसाठी फार जवळचा. इथल्या बँकेच्या दारात, सराफाच्या पेढीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला गार्ड बघा. मांडीवर आडवी धरलेली बारा बोअरची दुनळी, दस्त्यावरचं पॉलिश गेलेलं, कंबरेला काडतुसांचा पट्टा. ती बंदूक बऱ्याचदा बँकेची नसते, त्याची स्वतःची असते आणि परवाना त्याच्या गावच्या जिल्ह्यातून निघालेला असतो. बंदूक आहे म्हणून नोकरी आहे. राहण्याची जागा बदलली की नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला कळवून नोंद करणं बंधनकारक आहे. पण हा माणूस नालासोपाऱ्याच्या चाळीत चार जणांबरोबर खोली घेऊन राहतो, एजन्सी बदलली की भाईंदरहून वसईला जातो. त्याची बंदूक रात्री कुठे असते? कॉटखाली? इथे त्याची नोंद आयुक्तालयाकडे आहे का? परवान्यांची राष्ट्रीय नोंदवही आली, प्रत्येक परवान्याला वेगळा ओळख क्रमांक आला, आणि क्रमांक न घेतलेले परवाने जून 2020 नंतर बाद धरायचे ठरलं. त्यामुळे बोगस परवान्यांना चाप बसायला मदत झाली. शस्त्र आज कुठल्या गल्लीत आहे ते मात्र त्या क्रमांकावरून कळत नाही.

साठवणुकीचंही तसंच. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे जुहूच्या घरात गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी लागली. ते कपाटात ठेवताना निसटलं, असं सांगण्यात आलं. विरारमध्ये वाढलेला हा नट, म्हणून आपल्या पट्ट्यात या बातमीवर चिक्कार विनोद झाले. विनोद बाजूला ठेवला तर प्रश्न साधा आहे: भरलेलं रिव्हॉल्व्हर हाताळायला लागूच नये अशी सवय कुणी लावली होती का? अर्जासोबत सुरक्षित साठवणुकीची हमी घेतली जाते. ती लोखंडी पेटी भिंतीला बसवली आहे का, हे बघायला मात्र क्वचितच कुणी येतं. जपानमध्ये आधी वर्ग, लेखी परीक्षा आणि नेमबाजीची चाचणी, मग पोलीस घरी येऊन कपाट बघतात, बंदूक वेगळी आणि काडतुसं वेगळी. तिथेही 2022 मध्ये शिंझो आबेंना घरी जोडून केलेल्या बंदुकीने मारलं गेलं, हे खरं. पण गोळीबाराने होणारे मृत्यू तिथे जगात सर्वांत कमी असलेल्या देशांत मोडतात, हेही खरंच.

इथे कुणीतरी म्हणणार की परवानाधारकाच्या मागे काय लागता, गुन्हे तर कट्ट्याने होतात. मुद्दा बरोबर आहे. मीरा रोडच्या गोळीबारात सापडतो तो गावठी कट्टा, आणि त्याचा माग काढत पोलीस जातात ते जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीपर्यंत किंवा थेट मुंगेरपर्यंत. काही हजारांत मिळणाऱ्या या ‘सामाना’ला ना अर्ज लागतो ना जबाब. 2019 च्या दुरुस्तीने विनापरवाना शस्त्र बनवणं-विकणं याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली, लग्नात-मिरवणुकीत हौसेने गोळ्या झाडण्याचा वेगळा गुन्हा केला आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मर्यादा घातली. पण कट्टेवाल्याला कायद्याने शिस्त लावता येत नाही, त्याला पकडावं लागतं. शिस्त लावता येते ती नोंद असलेल्यालाच. म्हणून कट्ट्याचं उदाहरण परवान्याच्या ढिलाईची ढाल म्हणून वापरणं पटत नाही. शिवाय ज्याला परवाना मिळतो त्याला खुलं आहे ते .32 चं ‘अशनी’ पिस्तूल, 2014 मध्ये बायकांसाठी म्हणून गाजावाजात आलेलं कानपूरचं हलकं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणि अशीच काही शस्त्रं. 9 मिमी आणि .303 प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, त्यांचा विषय थेट केंद्राच्या गृहखात्याचा. ‘निर्भीक’ची तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. बाईच्या सुरक्षेचा हा तोडगा ज्या बाईला शेवटच्या लोकलने भाईंदरला उतरावं लागतं तिच्यासाठी नव्हता, हे उघड आहे.

परवान्याचं एक वेगळंच जग आपल्याच कोकणात आहे आणि मीरा-भाईंदरमधल्या कितीतरी घरांचं मूळ तिथलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या, काडतुसी बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रानडुक्कर आणि वानरं भात-नारळ ठेवत नाहीत. आजोबा गेले की बंदूक आधी पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने नव्याने अर्ज करायचा. नातू मीरा रोडला फ्लॅटमध्ये. गावचं घर बंद, बंदूक ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत गंजते. इथे गरज खरी आहे, रुबाबाचा संबंध नाही, आणि फाइल मात्र तितक्याच टेबलांवरून फिरते. हे शेतकरी आणि बारमालक एकाच मापाने मोजणं बंद झालं तर आयुक्त आणि जिल्हाधिकारी दोघांचाही वेळ वाचेल.

निवडणुकीला तर पूर्वी सगळ्यांनाच एका मापाने मोजलं जायचं. आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करा. गोव्यातल्या एका परवानाधारकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने 2009 मध्ये सांगितलं की सरसकट आदेश चालणार नाही, प्रत्येक परवानाधारकाची छाननी करून, ज्याच्यापासून धोका वाटतो त्याचंच शस्त्र जमा करून घ्या. त्यामुळे आता छाननी समिती बसते, याद्या काढते, कुणावर गुन्हा दाखल आहे, कुणापासून धोका आहे, हे बघते. मीरा-भाईंदर महापालिकेची निवडणूक 2017 नंतर थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. म्हणजे पालिकेच्या निमित्ताने होणारी अशी छाननी साडेआठ वर्षांनी. मधल्या लोकसभा-विधानसभेच्या वेळीही यादी निघते, पण मतदान झालं की हत्यार परत आणि यादी फाइलबंद.

ती यादी दरवर्षी काढायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. 17 व्या कलमाने परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांना आहेच. 2024 मध्ये मुळशीतल्या शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याचा मनोरमा खेडकर यांचा जुना व्हिडिओ बाहेर आल्यावर पुणे पोलिसांनी परवाना रद्द का करू नये अशी नोटीस काढली होती. व्हिडिओ बाहेर येईपर्यंत थांबायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. परवानाधारकावर गुन्हा दाखल झाला, पत्नीने कौटुंबिक छळाची तक्रार केली, भागीदाराशी जमिनीचा वाद ठाण्यात आला, की त्याच दिवशी ती नोंद परवाना शाखेत जायला हवी. ठाणं आणि शाखा आता एकाच आयुक्ताखाली आहेत, मधे ठाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय नाही. पाच वर्षांनी नूतनीकरणाला माणूस येतो तेव्हा काम फी आणि फोटोंवर संपू नये. त्याला शस्त्र, उरलेली काडतुसं आणि विकत घेतल्याच्या पावत्या घेऊन बोलवावं, गोळ्यांचा हिशेब जुळवावा, आणि हवालदाराला पुन्हा त्याच सोसायटीत पाठवावं. या वेळी सेक्रेटरीला विचारण्याऐवजी त्याने पेटी बघून यावी.